‘फुकट किट, ९५ टक्के सुरक्षित’: ई-सिगारेटच्या त्या मेसेजमधला एकेक दावा

सिगारेट सोडू पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरत असतो. मजकूर साधारण असा: ‘ई-सिगारेट म्हणजे नुसती पाण्याची वाफ. सिगारेटपेक्षा ९५ टक्के सुरक्षित, हे सरकारी संस्थेनंच सांगितलंय. आमचं तंत्रज्ञान खास, म्हणून किंमत जरा जास्त. एक डिस्पोजेबल (वापरून फेकायचं) ६०० पफ (झुरके) चालतं, म्हणजे सिगारेटपेक्षा स्वस्तच. सिगारेट हमखास सुटते. आणि पहिलं किट फुकट, फक्त कुरियरचे पैसे भरा.’ खाली लिंक.

पुढे पाठवणारे भल्या मनाने पाठवत असतील. पण ही जाहिरात आहे, आणि तिच्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य गिऱ्हाइकाच्या खिशावर डोळा ठेवून बेतलेलं आहे. संताप येतो तो यासाठी, की यात नाडला जातो तो नेमका सिगारेट सोडायची धडपड करणारा माणूस.

‘नुसती पाण्याची वाफ’ हे सरळ खोटं आहे. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, व्हेजिटेबल ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. आतली तारेची कॉइल तापली की त्याचे बारीक थेंब होतात आणि तेच छातीत जातात. ‘निकोटिन नाही’ या लेबलावरही विसंबू नये. २००९ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, दोन ब्रँडची कार्ट्रिज (लिक्विड भरलेली नळकांडी) तपासली. निकोटिन नसल्याचा दावा असलेल्या कार्ट्रिजपैकी एक सोडून बाकी सगळ्यांत थोडं का होईना, निकोटिन निघालं. एकात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायनही सापडलं. पुढे नियम आले, दर्जा सुधारला, पण तो सगळीकडे नाही.

आता ९५ टक्क्यांकडे येऊ. हा आकडा विक्रेत्यांनी मनाने काढलेला नाही, म्हणूनच तो नीट बघायला हवा. ऑगस्ट २०१५ मध्ये पब्लिक हेल्थ इंग्लंड या ब्रिटिश संस्थेने ई-सिगारेट सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचं म्हटलं. त्यामागे २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक निबंध होता. बारा तज्ज्ञ एकत्र बसले आणि त्यांनी निकोटिनच्या बारा उत्पादनांना वेगवेगळ्या निकषांवर हानीचे गुण दिले. रुग्णांच्या फुफ्फुसांवर केलेलं हे मोजमाप नव्हतं, जाणकारांनी बांधलेला अंदाज होता. बहुतेक उत्पादनांबाबत ठोस पुरावा कमी आहे, हे त्या लेखकांनीच लिहून ठेवलं होतं. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्याच महिन्यात या आधारावर कडक टीका केली.

म्हणून अंदाजाची दिशा चुकीची ठरत नाही. तंबाखू जळत नाही, त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइड टळतात, हे खरं आहे. ते नाकारणारेही सिगारेट ओढणाऱ्याचं नुकसानच करतात. पण मेसेजमध्ये आकडा येईपर्यंत त्याची काय गत झाली ते पाहा. ‘अंदाजे’ गळून पडलं. ‘कमी हानिकारक’चं ‘सुरक्षित’ झालं. आणि २०१३-१४ साली ज्या वस्तूंवर विचार झाला, त्यांचं प्रमाणपत्र आजच्या निकोटिन सॉल्टच्या (घशाला कमी बोचणाऱ्या निकोटिनच्या), कडक डिस्पोजेबलला चिकटवलं गेलं. आधी कधीच सिगारेट न ओढणाऱ्याला तर या तुलनेचा काहीच उपयोग नाही, तो सिगारेटच्या जागी नव्हे, स्वच्छ हवेच्या जागी हे घेतो. सप्टेंबर २०१९ मध्ये एफडीएने जूल या अमेरिकी ई-सिगारेट कंपनीला जे इशारापत्र धाडलं, त्यात नेमका हाच प्रकार होता: परवानगी नसताना आपला माल सिगारेटपेक्षा कमी धोक्याचा म्हणून मिरवणं, तेही शाळकरी मुलांसमोर.

मेसेजमधलं मला सर्वांत खटकणारं वाक्य मात्र ‘आमचं तंत्रज्ञान खास’ हे आहे. जगातल्या बहुतेक ई-सिगारेटी चीनमधल्या शेन्झेन शहरात बनतात. सुरुवातीच्या काळातलं ‘५१०’ मॉडेल घ्या. बॅटरी आणि कार्ट्रिज जोडणाऱ्या आट्यांवरून हे नाव पडलं: अर्ध्या मिलिमीटर अंतरावर दहा आटे. तीच बॅटरी, तीच कॉइल, टोकाला फार तर लाल दिव्याऐवजी निळा दिवा आणि खोक्यावर वेगळं नाव, असा माल कितीतरी ब्रँडनी विकला. कुणी वाजवी भावात, कुणी त्याच्या कित्येक पट. जास्तीचे पैसे खोक्यात, वेबसाइटवर आणि दर विक्रीमागे दलाली घेणाऱ्या ‘रिव्ह्यू’ साइटवर जात. ‘टॉप टेन ई-सिगारेट’च्या याद्या बऱ्याचदा अशा दलालीवरच ठरतात: जो जास्त कमिशन देतो, तो पहिला.

यातली पुढची खुबी म्हणजे गिऱ्हाईक बांधून ठेवणं. काही विक्रेत्यांनी मुद्दाम वेगळ्या आट्यांची बॅटरी काढली, म्हणजे दुसऱ्याचं स्वस्त कार्ट्रिज तिला बसायलाच नको. आज हेच काम पॉडची, म्हणजे लिक्विडच्या छोट्या बंद डबीची, खाच करते. हँडसेट स्वस्तात गळ्यात मारायचा आणि पॉडवर वसूल करायचं. जूलच्या एका पॉडमध्ये ०.७ मिलिलिटर लिक्विड येतं. अशा चार पॉडचं पाकीट म्हणजे एकूण २.८ मिली. आता पाकिटाच्या किमतीला २.८ ने भागा, १० मिलीच्या साध्या बाटलीच्या किमतीला १० ने भागा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. निकोटिनची तीव्रता वेगळी असते हे धरूनही तफावत डोळ्यांत भरते. दर मिलीचा भाव खोक्यावर छापलेला फारसा कुठे दिसत नाही, त्याचं कारण हेच.

बॅटरीतही हाच खेळ. मोठ्या डिव्हाइसमध्ये १८६५० नावाचा सेल असतो, १८ मिमी व्यासाचा आणि ६५ मिमी लांबीचा. नामांकित उत्पादकांचे या मापाचे सेल क्षमतेत साधारण ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. तरी ५०००, ६८००, थेट ९९०० एमएएच छापलेले सेल बिनदिक्कत विकले जातात. जुन्या किंवा हलक्या सेलवर नवं रंगीत वेष्टन चढवलेलं असतं. इथे पैसे तर बुडतातच, पण असा सेल पेलवणार नाही इतका करंट खेचला गेला तर पेटूही शकतो.

‘६०० पफ’बद्दल. अशा डिस्पोजेबलमध्ये साधारण २ मिली लिक्विड धरतात. २ मिलीला ६०० ने भागलं तर एका झुरक्याला ०.००३३ मिली येतात. झुरका किती सेकंदांचा धरला, हे खोक्यावर क्वचितच असतं. चाचणीच्या यंत्राला छोटे झुरके घ्यायला लावले की आकडा फुगतो. सिगारेटची सवय असलेला माणूस लांब ओढतो, त्याचं डिव्हाइस ६०० झुरक्यांच्या आधीच संपतं. खोक्यावरच्या आकड्याची दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये एल्फ बार या ब्रँडच्या ६०० पफच्या काही डिस्पोजेबलमध्ये २ मिलीच्या कायदेशीर मर्यादेपेक्षा बरंच जास्त लिक्विड आढळलं आणि दुकानांना माल काढून घ्यावा लागला.

शिवाय ‘याच्यात चाळीस सिगारेटी आहेत’ असं सांगतात, तो हिशेब असा. २ मिली गुणिले दर मिलीला २० मिलिग्रॅम (म्हणजे दोन टक्के), एकूण ४० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून शरीरात साधारण १ ते १.५ मिलिग्रॅम जातं, त्यातला १ धरला, म्हणून चाळीस. पण एकीकडे अंगात शिरलेलं निकोटिन धरलं आणि दुसरीकडे टाकीत भरलेलं. तंबाखूत भरलेलं धरलं असतं, तर ते सिगारेटमागे १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि चाळीसच्या चार झाल्या असत्या. आणि हेच विक्रेते काळजीने विचारणाऱ्याला ‘फक्त दोन टक्के निकोटिन’ म्हणून निश्चिंत करतात.

‘हमखास सुटते’? २०१९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ८८६ जणांवरची ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षअखेरीला ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, तर निकोटिन गम, पॅच वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. जवळपास दुप्पट यश, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करतो. पण १८ म्हणजे हमखास नव्हे. त्यातही सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते, म्हणजे खर्च चालूच. दोन्ही ओढणाऱ्याचं तर पैशाचं गणित आणखी बिघडतं. आणि त्या चाचणीत पुन्हा भरता येणारं साधं किट होतं, सोबत आठवड्याला समुपदेशन होतं. मेसेजवाला या दोन्हींबद्दल अवाक्षर काढत नाही.

राहिलं फुकट किट. पानावर मोठ्या अक्षरांत ‘फ्री’, खाली कुरियरपुरती रक्कम आणि कार्डाचा नंबर भरायची चौकट. बटणाच्याही खाली, फिकट करड्या अक्षरांत अटी: ट्रायल चौदा दिवसांची, पण मोजणी ऑर्डर दिल्यापासून. पार्सल यायला आठवडा जातो. मुदत उलटली की किटची पूर्ण किंमत कार्डावरून कापली जाते आणि दर महिन्याला कार्ट्रिजचं पाकीट आपोआप सुरू होतं. रद्द करायला फोनच करावा लागतो आणि तो लागत नाही. परत पाठवायचं तर आधी ‘रिटर्न नंबर’ घ्या, तोही फोनवरच. अशा आपोआप वसुलीला आवर घालायला अमेरिकेत २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. जिथे ई-सिगारेट विकण्यावरच बंदी आहे, तिथे तर ना पावती, ना दाद मागायला जागा.

कार्ड नंबर आधीच दिला असेल, तर विक्रेत्याच्या फोनची वाट बघत बसू नका. रद्द करत असल्याचा ईमेल पाठवा, अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याच दिवशी बँकेला कळवून पुढची वसुली थांबवा. पैसे कापले गेले असतील तर बँकेकडे लेखी तक्रार करा. नुसतं नवं कार्ड घेऊन भागेलच असं नाही, काही वेळा जुनी वसुली नव्या कार्डावरही येते. म्हणून त्या विक्रेत्याला दिलेली परवानगीच काढून घ्यायला सांगा.