पुन्हा तीच खुडबुड

रात्री दोनला माळ्यावर पुन्हा उंदराची खुडबुड! अहो, परवाच सिंकखाली पाइपभोवतीच्या भोकात फोम भरला होता. पठ्ठ्यानं कुरतडून त्याचा पिवळा भुगा करून ठेवलाय. पुढचे दात जन्मभर वाढतात म्हणे, मग कुरतडणारच तो. पण माझ्याच घरात? जेमतेम 6 मिलिमीटरची फट यांना पुरते, पेन्सिल जाईल एवढी. पिंजरा लावला, तर आमिष गायब आणि दार उघडंच! मादीला तीन आठवड्यांत पिल्लं होतात, पाच-सहा एका वेळी. म्हणजे मी एक भोक शोधेपर्यंत नवी फौज तयार. आज तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपलंय. आणि आत्ता, हे लिहिताना, कपाटामागे कुर्रकुर्र चालू. म्हणजे हा आतच कोंडला गेलाय!