टेलिस्क्रीन नक्की कोणाच्या घरात?

२०२५ च्या जुलैत महाराष्ट्र विधिमंडळात विशेष जनसुरक्षा विधेयक पास झालं आणि आमच्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर नुसती जुंपली. दादाने लिहिलं, हे सरळसरळ इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलची '१९८४' कादंबरी आहे, ज्यात सरकार माणसांच्या विचारांवरही पाळत ठेवतं, कुठली संघटना 'कडवी डावी' हे सरकारच ठरवणार आणि सरकारच बंदी घालणार. मोठे काका लगेच म्हणाले, '१९८४' बघायचं असेल तर १९७५ आठव, तेव्हा पेपरांना अग्रलेखाची जागा कोरी सोडायला लागली होती, दुर्गाबाई भागवतांना तुरुंगात टाकलं होतं, आणि गडचिरोलीत आपले पोलीस नक्षलवाद्यांच्या सुरुंगात उडाले त्याचं काय. मग दोन्हीकडून फॉरवर्ड सुरू झाले ते काही थांबेनात.

विधेयकाबद्दल मी दादाच्या बाजूची आहे, ते आधीच सांगते. ज्या कायद्यातल्या व्याख्या इतक्या सैल असतात तो पुढे कोणावरही लावता येतो, आज या पक्षाचं सरकार आहे उद्या त्या पक्षाचं असेल. काकांचंही आणीबाणीबद्दल चुकत नाही, त्या काळात त्यांच्या ओळखीतली माणसं आत होती. मला खटकतं ते वेगळंच. दोघंही ही कादंबरी वाचताना स्वतःला तिच्या नायकाच्या, विन्स्टन स्मिथच्या जागी बसवतात, म्हणजे शिकलेला, नोकरीवाला, मनात काहीबाही विचार येणारा आणि म्हणून सरकारला डोळ्यात सलणारा माणूस.

इकडे इंग्लंडात, मी राहते त्या मँचेस्टरलाही तेच चालतं. सप्टेंबर २०२५ मध्ये इथल्या सरकारने डिजिटल आयडी आणायची घोषणा केली आणि ऑफिसात दर लंचला ऑर्वेल निघायला लागला. लाखो लोकांनी विरोधाच्या पिटिशनवर सह्या केल्या. माझ्या शेजारी बसणारी बाई तर म्हणाली की आता बिग ब्रदर, म्हणजे कादंबरीतला सगळ्यांवर नजर ठेवणारा हुकूमशहा, आमच्या किचनमध्ये येणार. इथल्या लोकांना ओळखपत्राची मनापासून चीड आहे, युद्धातली कार्डं त्यांनी १९५२ मध्ये बंद केली आणि २००६ च्या कायद्याने परत आणलेली २०१० मध्ये मोडीत काढली. त्याच २०१० च्या सप्टेंबरमध्ये आपल्याकडे नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. मी हे ऑफिसात सांगितलं तेव्हा त्यांना पटेचना की एवढ्या मोठ्या देशाने सुरुवात एका आदिवासी गावापासून केली.

आणि इथेच कादंबरी नीट उघडून बघायला पाहिजे. कादंबरीतल्या ओशिनिया या देशातले ८५ टक्के लोक प्रोल आहेत, म्हणजे कामकरी गरीब, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीन, म्हणजे आपण बघतो तसा आपल्यालाही बघणारा पडदा, नाहीच! टेलिस्क्रीन आहे तो पार्टीच्या, म्हणजे तिथल्या एकमेव सत्ताधारी पक्षाच्या माणसांच्या घरात. प्रोल आणि जनावरं मोकळी आहेत असं पार्टीच म्हणते, कारण त्यांच्याकडून पार्टीला काही धोकाच वाटत नाही, त्यांना स्वस्तातली दारू, लॉटरी आणि युद्धाच्या बातम्या पुरतात. म्हणजे ऑर्वेलने पाळत दाखवली ती वरच्या लोकांवर, आणि खालच्यांच्या वाट्याला दुर्लक्ष.

आज चित्र बरोबर उलटं झालंय असं माझं म्हणणं आहे. आपल्या नागपुरात महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसवाली घड्याळं बांधली, २०२० च्या आसपास त्याच्या बऱ्याच बातम्या आल्या होत्या. कामगार आपल्या बीटमध्ये, म्हणजे झाडायला नेमून दिलेल्या भागात, आहे की नाही हे ऑफिसात बसून नकाशावर दिसायचं, त्यावरून हजेरी आणि हजेरीवरून पगार. आता रस्ता झाडणाऱ्या बाईला बाथरूमला जायचं असेल आणि ते बीटच्या बाहेर असेल तर तिने काय करायचं? हा प्रश्न आमच्या ग्रुपवर कोणी काढला नव्हता, त्या बातम्या आल्या तेव्हाही नाही. आणि हे इकडेही आहे हं. डिजिटल आयडीवरून एवढं रान उठायच्या कितीतरी आधी, २०२५ च्या जानेवारीत, एक विधेयक संसदेत आलं होतं, ठराविक सरकारी बेनिफिट, म्हणजे भत्ते, घेणाऱ्यांची खाती बँकांनी तपासायची आणि नियमात न बसणारं काही दिसलं तर सरकारला कळवायचं. संस्थांनी, काही खासदारांनी विरोध केला, पण माझ्या ऑफिसात त्यावर एक अक्षर कोणी काढलं नाही. तिथे बेनिफिटवर कोणी नाही ना.

ऑर्वेलला हे दिसलं असतं असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. मँचेस्टरहून विगन, तेव्हाचं कोळशाच्या खाणींचं गाव, ट्रेनने साधारण अर्ध्या तासावर. १९३६ च्या सुरुवातीला, कडाक्याच्या थंडीत, हा माणूस तिथे खाणकामगारांच्या घरात राहायला गेला आणि त्यावरचं त्याचं 'द रोड टू विगन पिअर' हे पुस्तक पुढच्या वर्षी आलं. त्यात त्याने पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन बसून हिशोब मांडलाय. कामगाराच्या आठवड्याच्या पगारातून दिव्याच्या भाड्याचे ६ पेन्स कापले जायचे, म्हणजे जमिनीखाली अंधारात कोळसा काढायचा मालकासाठी आणि उजेडाचे पैसे आपण द्यायचे! अवजारांना धार लावायचे आणखी ६ पेन्स. वर खाणीत उतरल्यावर कोळशाच्या थरापर्यंत वाकून, कुठे कुठे रांगत, कधी मैल कधी तीन मैल जायचं, त्या वेळेचा पगार नाही. मला हा भाग कादंबरीपेक्षाही जास्त हलवून जातो, कारण इथे अत्याचार करायला कोणी बिग ब्रदर लागत नाही, चिठ्ठीवरच्या आकड्यांनी काम भागतं.

त्याच पुस्तकात ट्रेनच्या खिडकीतून दिसलेली एक बाई आहे. झोपडपट्टीच्या मागच्या अंगणात थंडगार फरशीवर गुडघे टेकून ती मोरीच्या तुंबलेल्या नळीत काठी खुपसतेय. वय पंचविशीचं, दिसते चाळिशीची. ऑर्वेल लिहितो की अशा लोकांना याची सवय असते, आपल्यासारखा त्रास त्यांना होत नाही, हे जे आपण म्हणतो ते खोटं आहे, आपलं काय होतंय हे तिला पुरतं कळत होतं. आता '१९८४' ची पहिली दोन प्रकरणं काढा. विन्स्टन डायरी लिहायला बसलाय, दार वाजतं, त्याला वाटतं पकडायला आले. असते शेजारची मिसेस पार्सन्स, तिचं सिंक तुंबलंय. तिचं वय तिशीचं पण दिसते कितीतरी मोठी, आणि विन्स्टन जाऊन नळीतून केसांचा गुंता काढून देतो. तेरा वर्षांनी तीच नळी आणि जवळपास तीच बाई. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

म्हणून काका जेव्हा लिहितात की ऑर्वेलने डाव्यांना उघडं पाडलं, तेव्हा मी गप्प बसू शकत नाही. कादंबरी ८ जून १९४९ ला आली आणि अमेरिकेत लोक तिला समाजवादाविरुद्धचं पुस्तक म्हणायला लागले, तेव्हा त्याने स्वतः पत्र लिहून कळवलं की हा समाजवादावर किंवा ब्रिटनच्या लेबर पक्षावर हल्ला नाही, मी त्या पक्षाचा समर्थक आहे. स्पेनच्या यादवी युद्धात डाव्या मिलिशियात, म्हणजे स्वयंसेवकांच्या सशस्त्र तुकडीत, लढताना गळ्यातून गोळी आरपार गेलेला माणूस तो, आणि तिथेच स्टालिनवाद्यांनी त्याच्या साथीदारांना कसं पकडून नेलं तेही त्याने पाहिलेलं. राग त्यांच्यावर होता, गरिबांची बाजू घेण्यावर नव्हता. दादालाही एक सांगायचंय. ऑर्वेलला संत करू नकोस, त्याच १९४९ मध्ये त्याने कम्युनिस्टधार्जिण्या वाटणाऱ्या लोकांची यादी ब्रिटिश सरकारच्या प्रचार खात्याला दिली होती, आणि ते मला अजिबात पटत नाही. पण त्यामुळे विगनचा हिशोब खोटा ठरत नाही.

कादंबरीतही हाच हिशोब आहे, आपण तो गाळून वाचतो एवढंच. चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं आणि दुसऱ्या दिवशी ते २० पर्यंत वाढवल्याबद्दल आभाराचे मोर्चे निघतात. दाढीचं ब्लेड मिळत नाही, लिफ्ट बंद, इमारतीत शिरताच उकडलेल्या कोबीचा वास. आणि युद्ध कशासाठी चालू ठेवायचं तर जास्तीचा माल जाळून टाकायला, कारण पोट भरलं, फुरसत मिळाली, शिक्षण मिळालं की लोक विचार करायला लागतील. म्हणजे टंचाई तिथे मुद्दाम ठेवलेली आहे, राज्य टिकतं ते पाळतीवर जेवढं तितकंच तिच्यावर.

काकांचं पालुपद ठरलेलं, लांब बसून बोलणं सोपं असतं. ते खरंच आहे, बंदी आली तर माझ्या दारात कोणी येणार नाही, त्यामुळे विधेयकावर दादा जे करेल त्याची किंमत त्यालाच जास्त मोजायला लागेल हे मला माहितीय. पण घड्याळाची चौकशी करायला धाडसही लागत नाही. आपल्या गल्लीत सकाळी झाडायला येणाऱ्या ताईंना विचारता येतं, घड्याळ अजून आहे का, पगार कापला तर दाद कोणाकडे मागायची, ठेकेदाराकडे की महापालिकेकडे. दादा विधेयकाविरुद्ध आमदारांना जे निवेदन देणार आहे त्यात हे दोन प्रश्न घाल असं मी त्याला कळवलंय, आणि काकांनीही त्यावर सही करावी, कारण या प्रश्नात डावं-उजवं काही नाही.