तेरा मशीनगन आणि एक फडकं

दुसऱ्या महायुद्धातल्या बी-17जी या अमेरिकन बॉम्बरवर तेरा मशीनगन असत. हनुवटीखाली दोन, दोन्ही गालांवर एकेक, पाठीवर दोन, पोटाखालच्या गोल टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या बुरुजात, दोन, रेडिओवाल्याच्या डोक्यावर एक, कमरेच्या खिडक्यांत दोन आणि शेपटीत दोन. जर्मन विमानांनी कुठूनही यावं, स्वागताची सोय होती. मात्र याच विमानाचं डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, मॉडेल एका पिवळ्या फडक्यापुढे हतबल असतं. “शोकेस पुसून ठेवलीय हं!” अशी कामाच्या मावशींची प्रेमळ हाक कानावर आली की मी आधी गन मोजतो. तेरा भरल्या तर चहा गोड लागतो.

आता शोकेस बंद का ठेवत नाही, हा रास्त प्रश्न. 1/72 स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्यात, बी-17ची लांबी साडेएकतीस सेंटिमीटर होते. बारा इंची फळी साडेतीसची. एका सेंटिमीटरसाठी काच लागत नाही, आणि त्या फटीतून अख्ख्या गल्लीची धूळ आत येते. तिरकं ठेवावं, तर 44 सेंटिमीटरचे पंख शेजारच्या लँकॅस्टर या ब्रिटिश बॉम्बरच्या पोटात घुसतात. लँकॅस्टर शहाणं, साडेएकोणतीसमध्ये मावतं. बी-29 हा त्याहून मोठा अमेरिकन बॉम्बर घेणाऱ्याने आधी सुतार गाठावा. पंख साठ सेंटिमीटर! नाहीतर मुकाट 1/144 घ्यावं, म्हणजे तीसमध्ये भागतं.

तर धूळ आपणच काढायची. विमान उचलताना पंख धडाला जिथे मिळतात तिथे खालून हात घालायचा. टोकाला धरलं की धातूचं वजन त्या सांध्यावर येतं आणि फट पडते. धूळ आधी कॅमेऱ्याच्या रबरी ब्लोअरने उडवायची, मग मेकअपच्या मऊ ब्रशने नाकाकडून शेपटीकडे यायचं. उलट गेलात तर मागे वळलेल्या एरियल ब्रशच्या केसांत अडकतात. चार इंजिनांच्या पंख्यांची मिळून पाती बारा. ब्रश फिरवताना मधला भाग दुसऱ्या हाताच्या बोटाने धरायचा. काचांना साध्या पाण्यात भिजवून पिळलेला कानकाडीचा बोळा पुरतो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलंत, तर वैमानिक कायमचा धुक्यात गेला म्हणून समजा.

धुक्याचा दुसरा मार्ग म्हणजे सुपरग्लू. निखळलेलं टरेट घाईघाईने त्याने चिकटवलं की वाफेने काचेवर पांढरी साय धरते. तिथे सुताराचा पांढरा गोंद, टाचणीच्या टोकाइतकाच. वाळल्यावर पारदर्शक होतो. सुपरग्लू राखून ठेवा एरियलसाठी.

पण दुरुस्तीआधी चौकशी करावी. 16 मे 1943च्या रात्री जर्मन धरणं फोडायला निघालेल्या ब्रिटिश वैमानिक गाय गिब्सनच्या ‘एजे-जी’ अक्षरांच्या लँकॅस्टरला पाठीवरचं टरेट नव्हतंच. वजन आणि हवेचा अडथळा कमी करायला ते काढलं होतं. बॉम्ब-कप्प्याची दारंही नव्हती. हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या एनोला गे या बी-29वर तर शेपटीच्या सोडून सगळ्या गन उतरवल्या होत्या. तेव्हा तिथे काही ‘गायब’ दिसलं तर मावशींवर संशय नको. उलट मॉडेलवर टरेट दिसलं, तर कारखान्यालाच जाब विचारायला हवा.

युद्धापूर्वीच्या डायकास्ट खेळण्यांना आणखी एक रोग लागतो. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल, तर दमट हवेत तो आतून फुगतो, तडकतो, शेवटी भुगा होतो. इलाज नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात असलं काही जपायचं असेल तर बंद डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल घाला, आणि पुड्या वेळेवर बदला.

राहिली ती चौदाव्या वेळी मोजूनही न भरणारी तेरावी गन. ती सेंटिमीटरभराची, काळी, आणि फरशीही नेमकी काळ्या ठिपक्यांची. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर पातळ पायमोजा ताणून रबरबँडने बांधायचा आणि शोकेसखाली फिरवायचा. मोज्यावर जिरं येतं, टिकली येते, कानातल्याची फिरकी येते. फिरकी लगेच परत करावी. पुढच्या वेळी फडकं जरा हलक्या हाताने फिरतं.