दीड फेऱ्याच्या मंत्राचा समाचार

‘जुनी बाइक लोण्यासारखी आयडल करा, फक्त दहा मिनिटांत!’ असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. आयडल म्हणजे रेस न देता उभ्या गाडीचं इंजिन चालू राहणं. फिरेना का, म्हणून मी सोडून दिला असता. पण तो भाच्याकडून आला, आणि खाली त्याची ओळ होती: ‘मामा, रविवारी करून बघतो.’ रविवारच्या आत हे लिहिणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा. कार्ब्युरेटरचा (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, थोडक्यात कार्ब) एअर स्क्रू आधी कसून आवळा, मग दीड फेरा उलटा फिरवा. कुठलीही गाडी असो, हेच माप. स्क्रू जितका आत, तितकं पेट्रोल कमी. जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) चोंदला असेल तर तार घाला. सेटिंग थंड इंजिनावर करा, हात भाजत नाही. आयडलिंग जितकं हळू, तितकं इंजिनाचं आयुष्य मोठं. आणि एवढं करूनही जमलं नाही तर दोष पेट्रोलमधल्या इथेनॉलचा.

पेट्रोल वाचवण्याचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सरळ उलटा आहे. एअर स्क्रू हवा सोडतो. तो आवळला की हवा कमी होते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढतं. ॲमल कॉन्सेंट्रिक किंवा मिकुनी व्हीएम कार्ब असलेल्या गाडीवर हा सल्ला पाळला तर बचत राहिली बाजूला, प्लग काळा पडेल. काही कार्बमध्ये मात्र स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि तो हवेऐवजी मिश्रण सोडतो; तिथे आवळला की लीन होतं, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण घटतं. सर्वसाधारण खूण अशी: स्क्रू स्लाइडच्या (रेस दिली की वर सरकणाऱ्या झडपेच्या) अलीकडे, फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, पलीकडे, इंजिनाच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा. आपल्या गाडीवर यातला कुठला आहे हे न बघता पाना चालवणाऱ्याला कुठलाच आकडा उपयोगाचा नाही. आणि मायलेज म्हणाल, तर हा स्क्रू ज्याचा भाग आहे त्या पायलट सर्किटचा (आयडलिंगला पेट्रोल पुरवणाऱ्या वाटेचा) अंमल मुख्यतः पहिल्या एक अष्टमांश थ्रॉटलपर्यंत, म्हणजे रेसपर्यंत. त्यापुढे कटअवे (स्लाइडच्या खालच्या कडेचा काप), नीडल (स्लाइडला लटकणारी निमुळती सुई) आणि मेन जेट यांचं राज्य.

आता तो दीड फेरा. हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं कबूल करतो. बऱ्याच कार्बना सुरुवात तिथूनच करतात. सुरुवात, शेवट नव्हे. ॲमल या कार्ब बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या सूचना वाचल्या तर सगळा खुलासा तिथेच मिळतो. त्यांचा क्रम ठरलेला आहे: मेन जेट, पायलट, स्लाइडचा कटअवे, नीडल, आणि शेवटी पुन्हा आयडलिंग. पायलटची पद्धत अशी: थ्रॉटल स्टॉप स्क्रू (स्लाइड किती खाली बसेल ते ठरवणारा) सैल करत इंजिन अडखळेपर्यंत रेस उतरवा. मग एअर स्क्रू आत-बाहेर करून इंजिन सगळ्यात एकसारखं आणि जलद चालेल तो बिंदू शोधा. रेस वाढली की स्टॉप पुन्हा सैल करा, पुन्हा शोधा. लागलं तर तिसऱ्यांदा. यात फेरे मोजा असं कुठेच नाही, कानानं ऐका असं आहे. आणि हे सगळं गरम इंजिनावर. थंड इंजिनाला रिच मिश्रण लागतं. तेव्हा लावलेलं सेटिंग गाडी तापल्यावर हमखास बिघडणार. हात भाजतात? हातमोजे घाला.

‘कसून आवळा’ हे शब्द वाचून तर मी कपाळावर हात मारला. स्क्रूचं टोक निमुळतं असतं आणि बॉडी मऊ धातूची. जोर लावला की टोकावर वळ पडतो, बसायची जागा रुंदावते, कधी टोक मोडून आतच अडकतं. त्यानंतर कितीही फेरे फिरवा, नीट सेटिंग लागणं कठीण. हलक्या हातानं टेकेपर्यंत, बस.

तारेचंही तेच. जेटचं भोक मोजून पाडलेलं असतं. व्यास दहा टक्के वाढला तर क्षेत्रफळ एकवीस टक्क्यांनी वाढतं. जेट काढा, कार्ब क्लीनर मारा, हवेनं फुंका. एक अपवाद नाइलाजानं मान्य: 1967 साली आलेल्या कॉन्सेंट्रिकच्या ज्या प्रकारांत पायलट जेटचं बुश (छोटी नळी) ठोकून बसवलेलं असतं, तिथे ते बाहेर येत नाही. मग जाणकार 0.016 इंची, म्हणजे साधारण 0.4 मिलिमीटरचं ड्रिल बोटांनी अलगद फिरवून कचरा काढतात. पण ते मापाचं ड्रिल असतं. मेसेजवाल्याची तार कुठल्या मापाची, हे त्यालाच ठाऊक.

सगळ्यात घातक मुद्दा ‘हळू आयडलिंग, मोठं आयुष्य’ हा. एकेक ठोका मोजता येईल असा आवाज कानाला गोड लागतो, नाकारत नाही. पण ऑइल पंप इंजिनावरच चालतो. इंजिन मंदावलं की तोही मंदावतो, आणि तापलेलं तेल आधीच पातळ झालेलं असतं. प्लेन बेअरिंगच्या (गोळ्यांऐवजी तेलाच्या थरावर फिरणाऱ्या) जुन्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, गाड्यांना हे परवडत नाही. शिवाय डायनॅमो किंवा अल्टरनेटर त्या गतीला बॅटरी नीट भरत नाही आणि इंजिनाकडून क्लचकडे जाणारी प्रायमरी चेन झटके खाते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आयडलिंगचा आकडा असेल तर तोच लावा.

इथेनॉलचं अर्धं खरं आहे. पेट्रोलला जळायला वजनानं साधारण 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पट. म्हणून जुन्या जेटवर मिश्रण थोडं लीन होतं. पण ते स्क्रूच्या थोड्या फरकानं किंवा एक नंबर मोठ्या पायलट जेटनं भागतं. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवून कार्बच्या बाऊलमध्ये (खालच्या वाटीत) पेट्रोल सुकू दिलं, तर दोष इंधनाचा कमी आणि मालकाचा जास्त.

मेसेजमध्ये नाही ते आता सांगतो. स्क्रू फिरवून आवाजात काहीच फरक पडत नसेल तर स्क्रू सोडून द्या. पायलट चोंदलाय, किंवा स्लाइड इतकी उघडी आहे की पायलटचा संबंधच उरलेला नाही, किंवा गाडी कुठून तरी हवा ओढतेय. कॉन्सेंट्रिकचा फ्लँज (इंजिनाला बोल्टनं जोडलेली सपाट कड) जास्त आवळून वाकलेला बऱ्याचदा सापडतो. काचेवर ठेवून बघा, हलतो का. स्लाइड झिजून बॉडीत खुळखुळत असेल तर आयडलिंग कधीच एका जागी राहणार नाही. कार्बला हात लावण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची) गॅप बघा. रेस सोडल्यावर गाडी खाली यायला वेळ लावत असेल तर ऑटो-ॲडव्हान्सच्या (वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) ढिल्या स्प्रिंगही बघा. भाच्याला मी आधी फीलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) आणायला सांगितलंय, स्क्रूड्रायव्हर नंतर.