तीन सेंटिमीटर

परवा तपासणीला गेलो होतो. वजन, रक्तदाब, नेहमीचंच. तिथल्या मुलीनं माझ्या टाळूवर पट्टी टेकवली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "169."

"172," मी म्हणालो. गेली चाळीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर मी 172 च लिहीत आलोय.

"आजोबा, ताठ उभे राहा."

मी ताठच होतो. आणि आजोबा कोणाला?

तेवढ्यात मागचे गृहस्थ पुढं सरसावले. हातात स्वतःचे बूट, मोजे बुटांत कोंबलेले. "किती गेले? तीन? माझे साडेचार!" जणू शर्यत जिंकली होती. मग त्यांनी बुटावर बूट ठेवला, मध्ये मोज्याची गुंडाळी सारली आणि वरून दाबलं. "हा मणका, हा मणका, ही मधली चकती. वयानं चकतीतलं पाणी आटतं, ती चपटी होते. चाळिशीनंतर दहा वर्षांत साधारण एक सेंटिमीटर. शिवाय तुम्ही आलात संध्याकाळी! माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंच असतो, दिवसभरात दबतो. ते अंतराळवीर बघा, वर गेले की पाच-पाच सेंटिमीटर वाढतात."

"म्हणजे आता वर जाऊ म्हणता?"

"जायचंय तर आहेच. पण तिथं मोजणार कोण?"

मोजा माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. वास येत होता.

इकडे मुलीनं बीएमआयचा आकडा काढला. वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. 73 किलो, 172 ला 24.7 होतात, 169 ला 25.6. पंचविसाची रेघ ओलांडली. "वजन जास्त आहे, कमी करा." एक घास जास्त न खाता मी लठ्ठ झालो! माझ्या उंचीनं मला दगा दिला आणि जेवण माझं कमी करायचं, हा कुठला न्याय? तक्रार करावी तर कोणाकडे?

घरी येताना सुतार आठवला. निवृत्तीनंतर हे घर घेतलं, तेव्हा स्वयंपाकघरातली फळी लावताना तो म्हणाला होता, "साहेब, जरा उभे राहून हात वर करता का?" मी म्हणालो, "कशाला? 172 लिहून घे." फळी हाताला लागेना, म्हणून त्याचा शेवटचा हप्ता महिनाभर अडवून धरला. मुकाट ऐकून गेला बिचारा. आता त्याला फोन करायचा, पण काय सांगायचं?

काल सकाळी सहाला बेल वाजली. दारात तेच गृहस्थ. या वेळी बूट पायात, हातात टेप आणि पेन्सिल.

"तुम्ही दुसऱ्या मजल्यावरचे ते नवीन ना?"

"दोन वर्षं झाली."

"तेच ते, नवीन. मी चौथ्यावर. चला, दबायच्या आत मोजून घेऊ."

जुन्या घराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या. घर घेणाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात त्यावर रंग मारला. इथली चौकट दोन वर्षं कोरी होती. तिच्यावर आता दोन रेघा आहेत. माझी 170 वर. त्यांची माझ्यापेक्षा बोटभर वर, पण ते टाचा उचलून उभे होते. मी स्वतः पाहिलंय. आणि बूटही काढले नव्हते.