खुलासा: ‘आरके-२’चं सूत्र एकच नाही

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नोट फिरतेय: ‘दुसऱ्या क्रमाची रुंगे-कुट्टा म्हणजे फक्त ह्यूनचं सूत्र; मध्यबिंदूचं लिहिलं तर उत्तर चूक.’ रुंगे-कुट्टा (आरके) म्हणजे अवकल समीकरणाचं उत्तर छोट्या पायऱ्यांनी, अंदाजे काढायची पद्धत; ‘आरके-२’ ही तिची दुसऱ्या क्रमाची. नोटमधलं म्हणणं खरं नाही, आणि परीक्षेच्या तोंडावर पोरांना उगाच घाबरवणारं आहे.

आरके-२ मध्ये प्रत्येक पायरीत वाढीचा दर, म्हणजे उतार, दोनदा काढतात आणि दोन्हींना वजन देऊन सरासरी घेतात. इथे अज्ञात तीन: दोन उतारांची वजनं, आणि दुसरा उतार पायरीच्या कितव्या भागावर घ्यायचा तो अंश. अटी मात्र दोनच. वजनांची बेरीज १, आणि दुसरं वजन गुणिले तो अंश बरोबर १/२. म्हणजे अंश आपल्या हातात. १ घेतला की ह्यून, १/२ घेतला की मध्यबिंदू, २/३ घेतला की राल्स्टन. मधली कितीतरी सूत्रं बिननावाची, पण तितकीच दुसऱ्या क्रमाची.

करून बघा. राशीच्या वाढीचा दर तिच्या वर्गाइतका, सुरुवात १, पायरी ०.१. ह्यून देतं १.११०५, मध्यबिंदू १.११०२५, खरं उत्तर १.११११. फरक आहे, चूक नाही. दर राशीइतकाच धरला, तर दोन्हीकडे तंतोतंत १.१०५.

प्रश्नात सूत्राचं नाव दिलं असेल तर तेच वापरा. नसेल तर कोणतंही चालेल, फक्त कोणतं घेतलं ते उत्तराच्या वर लिहा.