घरमालकाची तक्रार करायची? बसा, पाणी घ्या

तर तुम्हाला घरमालकाची तक्रार करायची आहे. छान. गेल्या महिन्यात कोथरूडचा फ्लॅट सोडल्यापासून मी या विषयातला जाणकार झालो आहे, तेव्हा चार गोष्टी फुकट सांगतो. डिपॉझिट घेणार नाही.

आधी स्वतःचं चारित्र्य तपासा. म्हणजे ते पोलिसांनी तपासलेलंच असतं. सामानाचा टेम्पो यायच्या आत तुमचा फोटो, आधार, मूळ गाव, ऑफिसचा पत्ता सगळं जमा. घरमालकाच्या पडताळणीचा फॉर्म मीही शोधतोय. सापडला तर कळवा.

मग अग्रीमेंट काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर 3 महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर 5,000 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. वर नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. हे काकांना, म्हणजे घरमालकांना, मोठ्यानं वाचून दाखवा. काका म्हणतील, "आपल्यात कुठे एवढं कायद्याचं!"

एचआरएसाठी, म्हणजे घरभाडे भत्त्यावरच्या करसवलतीसाठी, काकांचा पॅन नंबर मागू नका. भाडं वाढेल.

वीज-पाणी तोडलं तर त्याच भाडे कायद्याचं कलम 29 आहे. जिन्यातला दिवा आणि लिफ्टसुद्धा त्यात येते. कायदा करणाऱ्यांनी घरमालक जवळून पाहिले असावेत.

आता ओल. भिंतीला ओल आली तर तक्रार मुळीच करू नका, कारण ओल तुमच्यामुळेच येते. मी पहिल्या पावसाळ्यात फोटो पाठवला. काका म्हणाले, "खिडकी उघडी ठेवत जा." ठेवली. दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे माझ्या अंथरुणावर पडायला लागले. काका म्हणाले, "वरच्यांच्या बाथरूमचं आहे, त्यांच्याशी बोला." वरचे म्हणाले, आम्ही भाड्यानं राहतो, आमच्या मालकाशी बोला. त्यांचा मालक दुबईला. दोन वर्षं मी त्या भिंतीपासून पलंग हातभर लांब ओढून झोपलो, आणि घर सोडताना काकांनी हिशोब पाठवला : रंगकाम 28,000, ओलीची भिंत 6,000, खिळे 1,500, किरकोळ 3,000. ओलीची भिंत! माझ्या नावावर! 60,000 च्या डिपॉझिटपैकी 21,500 हातावर टेकवले, तेही "तुम्ही चांगली माणसं म्हणून". किरकोळ म्हणजे काय, विचारलं तर "अहो, असतं किरकोळ."

सोसायटीच्या चेअरमनकडेही जाऊन या. ते काकांबरोबरच सकाळी फिरायला जातात.

मग चौकीत जा. तिथे एकच वाक्य ऐकायला मिळेल : "हे सिव्हिल मॅटर आहे." म्हणजे लघुवाद न्यायालय. म्हणजे वकिलाची नोटीस, मग दावा, मग तारीख, मग पुढची तारीख, आणि दर तारखेला ऑफिसात रजेचा अर्ज. इथे मला काकांच्या बुद्धीचं खरंच कौतुक वाटलं. 38,500. भाडेकरूच्या जिव्हारी लागेल एवढी मोठी रक्कम, आणि वकील करून परवडणार नाही एवढी छोटी. हा आकडा रंगाऱ्याकडून आलेला नाही हो, हा नेमका मोजून काढलाय. अशा आकड्यांवर या शहरात कितीतरी जणांचे सोफे आले असतील.

परवा एक फोन आला. त्या घरातल्या नव्या भाडेकरूचा. माझं एक कुरिअर तिथे गेलं होतं, त्यावरचा नंबर बघून त्यानं केला. कुरिअरचं झाल्यावर हळूच विचारतो, "दादा, बेडरूमच्या भिंतीला आधीपासून ओल आहे का?"

म्हणजे रंग दिलाच नाही. 28,000 घेतले आणि ब्रशसुद्धा फिरवला नाही!

काका, लाज वाटायला हवी. मी तुमच्याकडे फुकट राहत नव्हतो. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडं दिलं, एकदाही चुकलो नाही. ते डिपॉझिट तुमचं उत्पन्न नाही, माझे पैसे आहेत, तुमच्याकडे ठेवायला दिलेले. दोन वर्षं माझ्या उशाशी पोपडे पाडलेत आणि वर त्याचंही बिल मलाच लावलंत.

त्या मुलाला मी सांगितलंय, आजच्या आज भिंतीचा व्हिडिओ काढ आणि तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेव. खिळेही मोजून ठेव म्हटलंय. माझे सात होते.